माती तपासली, पण कोणत्या रीतीने?



माती परीक्षणाचा कागद हाती आला की आपण आकडा पाहतो. तो कसा काढला हे कोणी विचारत नाही. शिसे, कॅडमियम, निकेल अशा विषारी धातूंच्या बाबतीत मात्र तेच आधी विचारावे. २०१५ पासूनच्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ बाबी असतात. त्यांत जस्त, लोह, तांबे, मंगल येतात; शिसे, कॅडमियम येत नाहीत. तेव्हा पत्रिका चांगली आली म्हणून वावर निर्धोक, असे समजू नये. ही तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

पहिली रीत एकूण धातूची. तीन भाग हायड्रोक्लोरिक व एक भाग नायट्रिक आम्लात माती तापवतात. मातीतला बहुतेक धातू सुटून येतो. पण आपली काळी कन्हार बेसॉल्ट दगडाची झालेली. त्या दगडात तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच असते. आकडा मोठा दिसला म्हणून लगेच घाबरायचे कारण नाही.

दुसरी रीत डीटीपीए द्रावणाची. लिंडसे व नॉर्वेल यांनी ती १९७८ साली चुनखडीयुक्त मातीसाठी मांडली. १० ग्रॅम माती २० मिलिलिटर द्रावणात दोन तास हलवून गाळतात. मुळांना मिळण्याजोगा धातू यात अंदाजाने कळतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीला ही रीत मानवते.

थोडक्यात, पहिला आकडा कोठीतल्या धान्याचा, दुसरा चुलीपर्यंत आलेल्या धान्याचा. दोन्हींची तुलना एकमेकांशी करू नये.

मोजणी अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्रावर एकेका धातूची होते, आयसीपी यंत्रावर अनेकांची एकदम. हातात धरायचे क्ष-किरण यंत्र मिनिटांत उत्तर देते. पण थोडे कॅडमियम त्याला दिसत नाही. पाऱ्यासाठी वेगळी सोय लागते, ती आधी विचारा.

शहरी कचऱ्याचे खत फुकट मिळते म्हणून ट्रॉल्या ओतण्याआधी त्याचा तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा खतात किलोमागे कॅडमियम ५ व शिसे १०० मिलिग्रॅमच्या वर नसावे. एकदा जमिनीत गेलेला धातू सहजी निघत नाही. म्हणून खत टाकण्याआधी एकूण धातूची तपासणी करून कागद जपून ठेवा. काही वर्षांनी त्याच रीतीने पुन्हा करा. वाढ झाली की नाही, ते तेव्हाच कळेल.

नमुना घेताना जस्ताचा मुलामा दिलेले घमेले व खताचे रिकामे पोते वापरू नका. लाकडी खुरपणी, स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी बरी. नमुनाच बिघडला तर महागडे यंत्र तरी काय करील?