चकाकीचा हिशेब

बँकेत असताना, १९९६ साली, मी एका रंगाऱ्याचं कर्ज मंजूर केलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा होतकरू माणूस. त्याच्या कोटेशनमध्ये कॉम्प्रेसर होता, दोन स्प्रे गन होत्या आणि हवा बाहेर फेकणारा एक मोठा पंखा होता. पंख्यावर मी काट मारली. ‘उत्पन्नाशी संबंध नाही’ असा शेराही लिहिला. कर्ज वेळेत फिटलं. माझ्या लेखी ते उत्तम खातं होतं.

बारा वर्षांनी तो भेटला, तेव्हा बँकेचा एक जिना चढताना दोनदा थांबला. म्हणाला, “साहेब, कामावर काही वाटत नाही. रात्री छाती दाटते. गावी गेलो की आठ दिवसांत मोकळी होते.” मुंबईची हवा, दुसरं काय, असं मी म्हणालो. पुढे या विषयावर वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आलं, की व्यवसायातून जडणाऱ्या दम्याची सगळी लक्षणं त्यानं मला उभ्या उभ्या सांगितली होती.

जुना ड्युको रंग थिनर उडून गेला की वाळायचा. नंतर आलेला ‘टू-के’ रंग हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन कडक होतो. आपल्याला हवी असते ती आरशासारखी चकाकी त्यातूनच येते. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळमध्ये १९८४ साली हजारो बळी घेणारा मिथाइल आयसोसायनेट वायू याच कुळातला. हार्डनरमधलं रसायन तो वायू नव्हे आणि ते तसं सहजी उडतही नाही. पण गनच्या दाबानं त्याचं बारीक धुकं होतं आणि ते थेट फुफ्फुसात उतरतं. शरीर काही महिने, कधी काही वर्षं, ते मुकाट्यानं सोसतं. मग एक दिवस बिथरतं. त्यानंतर अगदी थोडा अंशही दम लागायला पुरतो.

इथे नाक फसवतं. वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत धोक्याची पातळी केव्हाच ओलांडलेली असते. तोंडाला बांधलेला रुमाल निव्वळ मनाचं समाधान. कोळशाच्या फिल्टरचा मास्क त्याहून बरा. पण त्याचा फिल्टर संपला हे कळायला मार्ग नाही. म्हणून जाणकार सांगतात, की नळीतून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा आणि हवा खेचून बाहेर टाकणारी बंदिस्त खोली हवी. गन थांबली तरी धुकं रेंगाळतं. खोली मोकळी होईपर्यंत मास्क काढायचा नाही, रंग कसा बसला हे पाहायला क्षणभरही वर करायचा नाही. हातमोजे घालायचे, थिनरनं हात धुवायचे नाहीत. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. तिथे विडी किंवा उघड्या वायरची ठिणगी नको. आणि दम लागला तर डॉक्टरांना पहिल्यांदा आपला धंदा सांगायचा.

हे सगळं महाग आहे, हे मला कळतं. आयुष्यभर मी आकडेमोडच केली. पण त्या रंगाऱ्यानं पुढे शेड विकली आणि गावी किराणा दुकान टाकलं. पन्नाशीच्या आत हातातला कसबी धंदा गेला. तो खर्च कुठल्या खात्यात मांडायचा?

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचं दार रंगवायला टाकलं. गॅरेजमधला पोरगा विशीचा असेल, नाकाला रुमाल बांधून गन मारत होता. मालकानं बिलाचा अंदाज दिला : लांबी, प्रायमर, रंग, क्लिअर कोट, मजुरी. मी विचारलं, “आणि याच्या श्वासाचे किती?” मालक हसला. त्याला तो विनोद वाटला.

मी गाडी परत घेतली. थोडं दूर, बंदिस्त खोली आणि हवेचा मास्क असलेल्या गॅरेजमध्ये नेली. बिल जास्त आलं. त्यातला काही भाग मी १९९६ सालची थकबाकी म्हणून धरला. तो पोरगा मात्र अजून तिथेच रंग मारत असेल, रुमाल बांधून.