निर्बंध कोणाला फळतात?

राष्ट्राचा व्यापार तोडला की त्याचे राज्यकर्ते नमतात, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. मला मात्र युगोस्लाव्हिया आठवतो. बोस्नियातील युद्धापायी संयुक्त राष्ट्रसंघाने ३० मे १९९२ रोजी सर्बिया-माँटेनेग्रोवर निर्बंध लादले. उघड मार्गाने तेल येईना, तेव्हा ते डॅन्यूब नदीवरून आणि शेजारच्या देशांतून चोरवाटांनी येऊ लागले. आता चोरट्या मालाला नाक्यावरची ओळख लागते आणि बंदूक लागते. दोन्ही होत्या त्या मिलोसेविचच्या पोलिसांकडे आणि त्यांनी पोसलेल्या अर्कानसारख्यांच्या सशस्त्र टोळ्यांकडे. बोस्नियात रक्त सांडणारेच इकडे पेट्रोलचे सावकार झाले! पेन्शनरांची पुंजी मात्र मातीमोल झाली. १९९३ साली ५०० अब्ज दिनारांची नोट निघाली. (भरमसाट नोटा छापण्याचा दोष सरकारचाच, हेही खरे.) सुशिक्षित तरुण, म्हणजे विरोधकांचा कणाच, परदेशी निघून गेले. निर्बंधांच्या दडपणाने मिलोसेविच १९९५ साली डेटनच्या वाटाघाटींना आला, हे मी नाकारीत नाही. त्यानंतर निर्बंध उठले, टोळ्या राहिल्या. १२ मार्च २००३ रोजी पंतप्रधान झोरान जिंजिच यांचा खून झाला. त्या कटात गुन्हेगारी टोळीबरोबर विशेष पोलीस दलाचा माजी प्रमुखही पुढे न्यायालयात दोषी ठरला.