पाया आधी, पसारा मागाहून

संगणकाची प्रणाली एकरकमी विकत घेण्याची रीत मागे पडत आहे. आता प्रणाली दूरच्या संगणकावर असते आणि ग्राहक दरमहा वर्गणी भरून ती वापरतो. गोराईतील गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस सभासदांची देखभाल-देयके ज्या सॉफ्टवेअरवर काढतो, तेही पुष्कळदा याच प्रकारचे असते. या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणांना पहिला उपदेश मिळतो तो लवकर मोठे होण्याचा. भांडवल उभारा, माणसे नेमा; नफ्याचे पुढे पाहू! हा उपदेश तपासून घेणे अगत्याचे आहे, कारण तो फसला की त्याची किंमत प्रथम नोकरदार मोजतात. २०२२ मध्ये भांडवलाचा ओघ आटू लागताच देशातील अनेक नवउद्योगांनी कर्मचारी कमी केले, ही घटना फार जुनी नाही.

वर्गणीच्या धंद्यात विक्रीने व्यवहार संपत नाही, तेथे तो सुरू होतो. समजा, दरमहा एक हजार रुपये देणारी एक संस्था मिळविण्यास सहा हजार रुपये खर्च आला. हा खर्च भरून निघण्यासच सहा महिने लागतात. अशा शंभर संस्था मिळाल्या आणि दरमहा उरलेल्यांपैकी पाच टक्के सोडून गेल्या, तर वर्षअखेर चोपन्नच राहतात. गळती एक टक्क्यावर आणली, तर सुमारे एकोणनव्वद टिकतात. गळती न थांबविता नवे ग्राहक जमविणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

मुंबईचेच उदाहरण पाहण्यासारखे आहे. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या रितेश अरोरा व नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये ‘ब्राउझरस्टॅक’ सुरू केली. आपले संकेतस्थळ निरनिराळ्या ब्राउझरवर व फोनवर नीट चालते की नाही, हे प्रत्येक अभियंत्याला पाहावे लागते. त्यासाठी लागणारी यंत्रे या कंपनीने दुरून वापरण्यास उपलब्ध करून दिली. बाहेरचे मोठे भांडवल, पाच कोटी डॉलर, तिने घेतले ते २०१८ मध्ये. तोवरची वाढ ग्राहकांच्या वर्गणीवर झाली. २०२१ मध्ये तिचे मूल्य चारशे कोटी डॉलर ठरले.

भांडवल त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. प्रतिस्पर्धी बाजारपेठ व्यापत असताना हात बांधून बसणे हेही शहाणपणाचे नाही. प्रश्न क्रमाचा आहे. खाडीअलीकडची गोराई वसाहत हा क्रम जाणते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये हाती घेतलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात येथे आधी भूखंड आखले गेले. रस्ते, पाणी, मलनिस्सारण यांची सोय झाली. घरे सभासदांनी सहकारी संस्था स्थापून मागाहून बांधली. जमिनीखालची नळवाहिनी कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु वरची वस्ती तिच्याच आधारावर उभी राहते.

म्हणूनच अशा कंपनीत नोकरीस जाणाऱ्या पदवीधराने, आणि त्याच्या पालकांनीही, तिने किती भांडवल उभारले एवढेच विचारून थांबू नये. गतवर्षीच्या शंभर ग्राहकांपैकी यंदा किती टिकले, हे विचारावे. वाढ टिकाऊ आहे की उसनी, हे त्या एका आकड्यावरून बरेचसे कळते.