समुपदेशन पुरते कुठे, थेरपी लागते कुठे?

दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, घटस्फोटाबद्दल मुलांना कसे सांगावे, असे प्रश्न घेऊन येणाऱ्याचे मन आजारी नसते, पेचात असते. समुपदेशक नीट ऐकतो, नेमके प्रश्न विचारतो आणि निर्णय त्याचा त्यालाच घेऊ देतो. बऱ्याचदा मोजक्या भेटींत हे काम होते. सायकोथेरपी मुरलेल्या त्रासाशी झुंजते. मंत्रचळाचा विकार घ्या. सतत हात धुणाऱ्या बाईंना ‘हात स्वच्छच आहेत’ असे समजावून उपयोग नसतो. ते त्यांना बहुधा ठाऊकच असते. उलट, वारंवार दिलेला धीर विकाराला खतपाणी घालतो. थेरपिस्ट त्यांना दाराच्या कडीला हात लावायला सांगतो आणि हात न धुता, चढत जाणारी भीती सोसायला टप्प्याटप्प्याने शिकवतो. यासाठी वेगळे प्रशिक्षण लागतेच.

यावर आक्षेप असा, की मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या पुस्तकात या दोहोंत पक्की भिंत मानली नव्हती. विश्वासाचे नाते दोन्हीकडे लागतेच. हे मला मान्य आहे. सीमारेषा धूसर आहे, पण नाते हा पाया झाला. मंत्रचळात त्यावर विशिष्ट तंत्र उभारावे लागते. थेरपी श्रेष्ठ आणि समुपदेशन दुय्यम, असेही नव्हे. औषधे लिहून देणे मात्र डॉक्टरांचेच काम. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: तुमचे शिक्षण काय, आणि माझ्या त्रासावर तुम्ही नेमके काय करणार? कुठे जावे हेच कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक फिरवा.