टेंब्यांचं गद्य आणि वडशाच्या पाट्या

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी पेटी वाजवतो. दिवाळी ते होळी आमचा हंगाम. कंपन्यांचं ठाणं वडसा. तिथून गाडी निघाली की कधी ब्रह्मपुरीकडे, कधी आरमोरी-कुरखेड्याच्या जंगलातल्या गावात. नाटक रात्री उभं राहतं ते पहाटे संपतं. या प्रवासात माझ्या पिशवीत गोविंदराव टेंब्यांचं 'माझा संगीत व्यासंग' असतं.

टेंबे (१८८१–१९५५) कोल्हापूरकडचे पेटीवादक. 'मानापमान' नाटकाच्या (१९११) चाली त्यांच्याच. त्या तर लाखात एक आहेत, पण मला त्यांचं गद्यही तितकंच प्रिय आहे. १९३९ साली आलेलं हे पुस्तक गाण्याविषयी असूनही कुठे जड होत नाही. गायक भास्करबुवा बखल्यांविषयी लिहिताना 'अप्रतिम' एवढं म्हणून टेंबे मोकळे होत नाहीत. वाक्य लांबलं तरी वाचणाऱ्याला धाप लागत नाही. पेटीवाल्याला गाणाऱ्याच्या मागोमाग जायचं असतं. तो कुठे थांबणार, कुठे श्वास घेणार, हे आधीच ओळखावं लागतं. ही सवय टेंब्यांच्या वाक्यांत उतरली आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्या पानांवरून नजर उचलून खिडकीबाहेर पाहावं, तर पाट्या! 'शिक्षक दीनाच्या हार्दिक शुभेच्छा'. गुरुजी बिचारे एका वेलांटीने दीनवाणे झाले. 'येथे सुत मिळेल', म्हणजे चक्क मुलगा मिळेल. 'पुजा साहित्य', 'पिठ गिरणी', 'आर्शिवाद मंगल कार्यालय'. आम्ही गाडीत पोट धरून हसतो.

पण या चुका वेड्यावाकड्या नाहीत. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखन-नियमांनुसार मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असलं, की त्याआधीची वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व: किडा, विळी, चुरा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून पूजा आणि परीक्षा. पाटीवाल्याने 'पुजा' लिहिलं तेव्हा त्याच्या कानाने मराठीचा नियम बरोबर पाळला होता. अपवाद मात्र त्याला कोणी नीट सांगितला नव्हता. पिठाचंही तसंच. 'पिठाची', 'पिठात' हे ऱ्हस्वच बरोबर, मूळ शब्द तेवढा 'पीठ'. दिवसभर 'पिठाची गिरणी' ऐकणारा माणूस 'पिठ' लिहिणारच.

'आर्शिवाद'ची गंमत आणखी सुंदर आहे. बोलताना 'शी'नंतर लगेच र ऐकू येतो, म्हणून हात रफार तिथेच ठेवून मोकळा होतो. लिहिताना मात्र तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणजे 'वा'वर बसतो.

म्हणून पाटीवाल्यांना अडाणी म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. टेंब्यांनीही पेटी बरीचशी स्वतःच्या कानानेच आत्मसात केली. फरक एवढाच, की त्यांना भास्करबुवांसारख्यांचं गाणं जवळून ऐकायला मिळालं. आमच्या फ्लेक्सवाल्या पोरांना चांगलं छापलेलं मराठी रोज कुठे दिसतं?

आमच्या नाटकाचे फ्लेक्स करणाऱ्या पोराला मी पूजा, परीक्षा, पीठ, आशीर्वाद एवढे शब्द कागदावर लिहून दिले. त्याने तो कागद संगणकाशेजारी चिकटवला. यंदा पाहतो तर खाली त्याच्या अक्षरात आणखी दोन शब्द होते: मूर्ती, तीर्थ.