फॉरमॅट मारण्याआधी

काळा पडदा, त्यावर ‘एरर: नो सच पार्टिशन’ अशी ओळ, खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि शेजारी लुकलुकणारा कर्सर. काही वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी माझ्या जुन्या कॉम्प्युटरने हे दर्शन दिलं. आदल्या रात्री शहाणपणा मीच केला होता. विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलेलं होतं, ते वापरलं जात नव्हतं आणि जागा कमी पडत होती. म्हणून विंडोजमध्ये बसूनच लिनक्सचं पार्टिशन उडवलं. विंडोजला हातही लावला नव्हता, आणि नेमकं तेच उघडेना. दुरुस्तीच्या दुकानात दोन मिनिटांत निकाल लागला : ‘डेटा गेला समजा. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो.’

डेटा जागच्या जागी होता. हरवला होता तो तिथपर्यंत नेणारा वाटाड्या.

बटण दाबलं त्या क्षणी कॉम्प्युटरला आपल्या डिस्कवर काय आहे याची गंधवार्ताही नसते. जुन्या, बायोस पद्धतीच्या यंत्रांना एवढंच शिकवलेलं असे : डिस्कचा पहिला कप्पा वाच आणि तिथे लिहिलेलं कर. हा कप्पा ५१२ बाइटचा. त्यातले ६४ बाइट चार पार्टिशनच्या तक्त्याला, शेवटचे दोन ओळखीच्या खुणेला, म्हणजे प्रोग्रॅमला उरले ४४६. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला आज तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने या जागेत मराठीची दोन-तीन वाक्यं कशीबशी मावतील. एवढ्या जागेत अख्खी सिस्टिम उठवणं शक्य नाही. म्हणून हा पहिला तुकडा दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा तिसऱ्याला. लिनक्स टाकलं की या पहिल्या जागेवर ‘ग्रब’ येऊन बसतो. एरिक बोलीन यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला तो ‘ग्नू हर्ड’ नावाची वेगळीच सिस्टिम चालू करण्यासाठी. पुढे लिनक्सच्या जगाने त्याला आपलंसं केलं. ग्रबचं बाकीचं बिऱ्हाड मात्र लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतं. मी ते पार्टिशन उडवलं आणि वाटाड्याचं घरच पाडलं. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून दुरुस्तीच्या काळ्या खिडकीत जाऊन ‘बूटरेक’ची एक आज्ञा दिली, विंडोजचा स्वतःचा वाटाड्या पहिल्या कप्प्यात परतला, आणि सगळ्या फायली होत्या तशा समोर आल्या.

आता दिवस बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयचे आहेत. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून नवे लॅपटॉप याच पद्धतीचे येतात. यात डिस्कवर एक छोटं, सहसा शंभर ते काहीशे एमबीचं वेगळं पार्टिशन असतं. त्यात विंडोजच्या वाटाड्याचं एक फोल्डर आणि उबंटू या लिनक्सच्या एका रूपाच्या वाटाड्याचं दुसरं. दोघं शेजारी शेजारी नांदू शकतात. आधी कोणाला हाक मारायची, ती यादी मात्र मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, आणि तक्रारी बहुतेक वेळा इथूनच निघतात. कधी विंडोजचा मोठा अपडेट स्वतःला यादीत वर चढवतो, कधी कंपनीचा फर्मवेअरचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमचा, अपडेट यादीच कोरी करतो. इंजिनिअरिंगचा मुलगा प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री रडकुंडीला येतो : ‘उबंटू उडालं!’ उडालेलं काहीच नसतं. लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबून पाहावं. काही कंपन्यांत ते एफ९ किंवा एस्केप असतं. समोर येणाऱ्या यादीत ‘उबंटू’ निवडलं आणि ते उघडलं, तर रोग तिथेच संपला. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला वरचा क्रमांक द्यायचा, बस्स. नावच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर काही न टाकता, उबंटू चालवून ‘बूट-रिपेअर’ हे साधन वापरायचं. ते ग्रब पुन्हा बसवून देतं.

उलटी तक्रारही येते. उबंटू उघडतं, पण सुरुवातीच्या यादीतून विंडोज गायब. इथे गुन्हेगार विंडोज नाही. २०२१ मध्ये ग्रबची २.०६ आवृत्ती आली. डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ नावाचा हेर तिच्यात सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेला आहे. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याची ओळ ‘फॉल्स’ करायची आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं. ओळीच्या नावातच ‘डिसेबल’ आहे, म्हणून चालू करायला ‘फॉल्स’ लिहायचं. असली उलटी भाषा ज्याने शोधली त्याला एकदा भेटायला हवं.

आपण काहीही केलेलं नसताना यंत्र बसतं, असंही होतं. १३ ऑगस्ट २०२४ चा विंडोज अपडेट त्याचं चांगलं उदाहरण. ‘सिक्युअर बूट’ म्हणजे सही पाहूनच आत सोडणारा दारावरचा पहारेकरी. त्याच्याकडे एक यादी असते : कोणत्या पिढीचे वाटाडे आता विश्वासाचे राहिले नाहीत. ग्रबमध्ये २०२२ साली नोंदवलेल्या एका सुरक्षा-दोषापायी मायक्रोसॉफ्टने ही यादी कडक केली. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांना हा नियम लागणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण अशी कित्येक यंत्रं तिच्या तपासणीतून निसटली. लिनक्स चालू करताच ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असं सांगून लॅपटॉप बंद पडे. जुने लाइव्ह पेनड्राइव्हही पहाऱ्यावर अडत, त्यामुळे वाचवायला आणलेलं औषधही चालेना. उपाय होता : सिक्युअर बूट तात्पुरता बंद करायचा, लिनक्समध्ये शिरून ‘मोकयूटिल’ या साधनाने ती कडक यादी पुसायची, एकदा रीस्टार्ट करून पुन्हा लिनक्समध्ये जायचं आणि मग पहारा परत चालू करायचा. मायक्रोसॉफ्टची स्वतःची दुरुस्ती आली ती मे २०२५ मध्ये. नऊ महिने ही फार झाले, असं माझं मत आहे.

सिक्युअर बूट बंद करा, हा सल्ला मात्र थांबून ऐकावा. नव्या विंडोज ११ मध्ये डिस्क अनेकदा आपल्याला न सांगता बिटलॉकरच्या कुलपात गेलेली असते. फर्मवेअरमध्ये असा बदल झाला की कुलपाला चोराचा संशय येतो, आणि पुढच्या वेळी निळा पडदा ४८ आकडी किल्ली मागतो. किल्ली सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण खातं कोणतं, पासवर्ड काय, हे त्या घटकेला कोणाला आठवतं? इथे मात्र ‘डेटा गेला’ हे वाक्य खरं ठरू शकतं. किल्ली नाही तर डेटा नाही, आणि कोणतंही दुकान तो काढून देणार नाही. बदल करायचाच तर आधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर थोडा वेळ थांबवून ठेवावा.

काही इंटेल लॅपटॉपवर उबंटूच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. मग कोणीतरी सुचवतं, फर्मवेअरमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी बंद करून एएचसीआय करा. डिस्क दिसते, आणि विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत आडवं होतं. घाबरू नका. ती सेटिंग पूर्ववत केली की ते उभं राहतं. नंतर सावकाश, विंडोज आधी सेफ मोडमध्ये लावून, हा बदल पचवता येतो.

लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नसेल तर कारण वेगळं असतं. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन म्हटलं की विंडोज एका डोळ्याने जागंच राहतं, रीस्टार्ट म्हटलं की मात्र पुरतं झोपून उठतं. दोन सिस्टिम असलेल्या घरात ही सोय बंदच बरी. घड्याळाची खोडी तर खास आपल्यासाठी. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की सकाळच्या दहाला साडेचार वाजलेले दिसतात, बरोबर साडेपाच तासांचा फरक. लंडनच्या माणसाला हिवाळ्यात हे कळणारही नाही.

फर्मवेअरच्या यादीत डिस्कच दिसत नसेल तर गोष्ट निराळी. केबल किंवा डिस्कच गेलेली असू शकते, आणि तिथे वरचं काहीही लागू नाही. डिस्क दिसत असेल तर दुरुस्तीला हात घालण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘ट्राय उबंटू’ निवडा आणि फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग प्रयोग करा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपल्यापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून पाहणारे वाढले आहेत. तुम्ही त्यांतले असाल तर आज संध्याकाळी, सगळं नीट चालू असतानाच, बिटलॉकर चालू आहे का ते पाहा. असेल तर ते ४८ आकडे कागदावर उतरवा, आणि ८ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर उबंटू बूटेबल करून ठेवा. कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका.