मुंबई-न्यूयॉर्क अंतर एकच, मग जाताना जास्त तास का लागतात? आई-बाबांचे तिकीट काढण्याआधी हे वाचा

नाशिक : मुले अमेरिकेत असलेल्या घरांत तिकीट काढताना एक प्रश्न हमखास निघतो, ‘आई-बाबांना नेमके किती तास बसावे लागेल?’ मोबाइलवर अंतर लगेच सापडते. तासांचा आकडा मात्र दर वेळी वेगळा दिसतो.

मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. ताशी 900 किलोमीटर वेग धरला, तर उत्तर 14 तासांच्या आत येते. पण थेट विमानाला जाताना साधारण 16 तास किंवा त्याहून जास्त लागतात, येताना दीड-दोन तास कमी.

हा फरक वाऱ्याचा. विमान उडते त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे ‘जेट स्ट्रीम’ नावाचे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचे रेंगाळणेही धरलेले असते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. हो, आकाशातही रस्ता असतो! भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो मुंबईहून वायव्येला निघून पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया करत थेट आइसलँडवरून जातो. पहलगाम हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. पुढे ही बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. त्यामुळे विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. दिल्लीला याचा फटका जास्त बसला. एअर इंडियाने 1 सप्टेंबर 2025 पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्यामागे विमानांच्या तुटवड्यासोबत हेही कारण होते.

सर्वाधिक गोंधळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. समजा, विमान मुंबईहून रात्री 2 वाजता सुटले आणि 16 तासांनी पोहोचले. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिकिटावर दिसणार सकाळी 8.30. साडेसहा तासांत अमेरिका! हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो.

नाशिककरांचे गणित इथे संपत नाही. ओझरहून अमेरिकेला थेट विमान नाही, त्यामुळे आधी मुंबई गाठायची. 5 जून 2025 रोजी समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टळला, तरी भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. घरापासून विमानतळापर्यंत चार तास आणि उड्डाणाआधीचे तीन तास धरा. म्हणजे 16 तासांचा प्रवास दाराबाहेर पडल्यापासून 23 तासांचा होतो, तोही न्यूयॉर्कला उतरून इमिग्रेशनची रांग न धरता.

घरात कुणाला इन्सुलिन किंवा वेळेवर घ्यायच्या गोळ्या असतील, तर डॉक्टरांना तिकिटावरच्या वेळा नव्हे, हे 23 तास सांगा. डोसमधले अंतर त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि औषधे हातातल्या बॅगेत ठेवा.